डबा बिझी आहे

जुलै महिन्यात कोल्हापूरकराला दोन आकडे पाठ असतात, ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर पोचली की इशारा आणि ४३ वर पोचली की धोका. त्या दिवशी नदी दोन्हीच्या खाली होती, पण उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपात लाइटनं धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती. तासाभरात ती चौथ्यांदा गेली. यूपीएसनं एकदा 'टीं' केलं आणि मान टाकली. त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारलीय. टीं करण्यापुरता ठेवलाय.

लाइट आली. दोन्ही लेथ फिरायला लागले, पंखा फिरायला लागला. कॉम्प्युटरनं मात्र रोजचं चित्र दाखवायचं सोडून काळा पडदा पुढं केला. त्यावर बारीक पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि त्या गर्दीत मला कळेल असा एकच शब्द: बिझीबॉक्स.

आता समोरचा बिझी आहे म्हटल्यावर माणूस काय करतो? थांबतो. आजवर मी कितीतरी खिडक्यांसमोर कितीतरी बिझी साहेबांसाठी थांबलोय. हे मशीन तर शिपायाकरवी निरोप न देता स्वतःच्या तोंडानं सांगत होतं, याचं मला कौतुकच वाटलं. मी चहा सांगितला. बाहेर शिरोलीला जाणारा टेम्पो माल भरून उभा होता, फक्त बिल निघायचं राहिलं होतं. ड्रायव्हरलाही चहा सांगितला. चहा संपला, डबा बिझीच. दुसरा चहा झाला. पाऊण तासानं ड्रायव्हर खिडकीतून डोकावला.

"मालक, काय म्हणतंय ते?"

"बिझी हाय म्हणतंय."

"मग खालती ती रेघ का लुकलुकत्या? ती तुमची वाट बघत्या की."

टेम्पोवाल्याला कळलं आणि मला नाही, हे मी अजून घरी सांगितलेलं नाही.

मग मी वरच्या ओळी चष्मा लावून वाचल्या. त्यात 'मॅन्युअल' असा शब्द होता, म्हणजे मॅन्युअल बघा असं म्हणत असणार. मी कपाट उघडलं. मिक्सरचं मॅन्युअल निघालं, कुकरचं गॅरंटी कार्ड निघालं, लेथचं एक तेलकट पुस्तक निघालं. कॉम्प्युटरचं काही निघेना. शेवटी पुण्याला भाच्याला फोन लावला. गेल्या दिवाळीत यानंच ते मशीन लिनक्सवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या एका सिस्टिमवर, नेलं होतं. "मामा, मशीन म्हातारं झालंय, लिनक्स टाकतो, पळंल बघा," असं म्हणाला होता. पळालं खरं. थांबलं तर काय करायचं, ते विचारायचं राहून गेलं.

"मामा, घाबरू नका. त्याचं नाव बिझीबॉक्स आहे. तो बिझी नाहीये."

"म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा?"

"तसं समजा. लाइट गेली तेव्हा डिस्कवर काहीतरी लिहिणं चाललं होतं, ते अर्धवट राहिलं. त्यामुळं मशीन अर्ध्या वाटेत थांबलंय. मॅन्युअल म्हणजे पुस्तक नव्हे. डिस्क तुमच्या हातानं तपासा, असं म्हणतंय ते. मी सांगतो ते टाइप करा. एफ."

"कुठला एफ?"

"फेट्याचा एफ."

"फेट्याला पी-एच लागतंय," ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला. हा आता कायमचाच तिथं उभा होता.

"बरं, फौंड्रीचा एफ."

"हां, असं सांग की."

मग शाहूंचा एस, चप्पलचा सी आणि कोल्हापूरचा के. एफएससीके. हा शब्द चारचौघांत एका दमात वाचू नये. मग एक जागा सोडायची, आडवी रेघ, वाय, परत एक जागा. इथवर गाडी नीट चालली. पुढं तिरकी रेघ आली.

"कुठल्या अंगाला तिरकी?"

"वरचं टोक उजवीकडं. मिरजेच्या बाजूला समजा."

"अरे, मी पूर्वेकडं तोंड करून बसतो. मिरज माझ्या नाकासमोर येती."

पलीकडं शांतता पसरली. हिंजवडीत त्याच्या शेजारी बसलेल्या लोकांना मिरज शब्द ऐकू गेला असावा. शेवटी प्रश्नचिन्हाच्या बटणावरची रेघ, असं ठरलं.

"आता देव."

"काय?"

"डी, ई, व्ही. मग परत तिरकी रेघ. मग एस, डी, ए, एक."

मी देव लिहिला. डिव्हाइस शब्दाची ती आखूड केलेली तीन अक्षरं आहेत, हे मला नंतर कळलं. पण तोवर माझी पक्की समजूत झाली होती की हे मशीन आस्तिक आहे. डिस्क देवात, कीबोर्ड देवात, माऊस देवात. त्याच देवात 'नल' नावाची एक जागा आहे. तिथं जे वाहाल ते गेलं, परत मिळत नाही. भाचा म्हणाला, नको असलेली बडबड तिकडं सोडायची असते. इतकी सोय आमच्या मंडळाच्या मीटिंगला कुणी केली नाही.

एंटर मारला. उत्तर आलं, नॉट फाउंड. दोन शब्द. सातबारा काढायला गेलेल्या माणसाला हे उत्तर नवीन नसतं, पण तिथं निदान 'जेवणानंतर या' तरी म्हणतात. चूक एवढीच की मी पहिली जागा सोडली नव्हती, सगळं एकाला एक चिकटवलं होतं. जागा सोडून परत मारला. आता मात्र पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटलं. ओळींमागून ओळी पळायला लागल्या. ते वाय लिहिलं नसतं तर प्रत्येक दुखण्यापाशी थांबून 'दुरुस्त करू का' असं विचारलं असतं म्हणे, आणि मला तेवढ्या वेळा होकार द्यावा लागला असता.

डिस्क मोठी, मशीन म्हातारं. वेळ होता. भाच्यानं तेवढ्यात मला सगळा इतिहास ऐकवला, आणि माझाही चहा तिसरा होता म्हणून मी ऐकला.

१९९५ साली ब्रूस पेरेन्स नावाच्या माणसाला डेबियन नावाच्या लिनक्सची अशी फ्लॉपी करायची होती, की मेलेलं मशीन त्या एका फ्लॉपीवर उठावं आणि नवं लिनक्सही तिच्यावरूनच घालता यावं. फ्लॉपी म्हणजे १.४४ एमबी. मला ती आठवते. उद्यमनगरात ड्रॉइंगं तिच्यावरून फिरायची आणि लोहचुंबकाजवळ ठेवली की मुकाट्यानं मरायची. आज आमच्या मिसळीचा एक फोटो त्या फ्लॉपीत मावणार नाही, तर्री क्रॉप केली तरी. तेवढ्या जागेत यादी दाखवणारा, नक्कल काढणारा, फाइल पुसणारा, शोधणारा अशी शेपन्नास माणसं बसवायची. प्रत्येकजण वेगळा आला तर प्रत्येकाची वळकटी वेगळी. म्हणून त्यानं सगळ्यांचा मिळून एकच माणूस केला.

"एकच?"

"एकच प्रोग्रॅम, मामा. नावं निरनिराळी. ज्या नावानं हाक माराल, ते काम तो करतो. एलएस म्हणून हाक मारली की यादी दाखवतो, सीपी म्हटलं की नक्कल काढतो. आत बघायला गेलं तर माणूस तोच. आपल्याला कुठल्या नावानं बोलावलंय, एवढंच तो आधी बघतो."

हे मात्र मला एका फटक्यात समजलं, कारण माझी तीच गत आहे. वर्कशॉपात मला 'मालक' म्हटलं की मी पगाराचा हिशेब करतो. तालमीत 'पैलवान' म्हटलं की पोट आत घेतो. मंडळात 'खजिनदार' म्हटलं की पावतीपुस्तक काढतो. घरी आईनं 'बाळ्या' अशी हाक मारली की माळ्यावर चढून पितळी पातेलं काढतो. देह एक, बारशाचं नाव कुणाच्या लक्षात नाही. फरक इतकाच, की त्या डब्याला चुकीच्या नावानं हाक मारली तर तो 'नॉट फाउंड' म्हणून मोकळा होतो. मला तीही सवलत नाही.

बरं, एवढ्याशा जागेत बसायचं म्हणून त्यातल्या प्रत्येकाचे लाडही कमी केलेत. मोठ्या मशीनवर चालणारे कितीतरी पर्याय इथं कापलेले. रस्सा आहे, पण जास्तीचा मागायचा नाही. गंगावेशीत म्हशीची धार पेल्यात पडताना बघत दूध पिणाऱ्या गावाला ही काटकसर बघवत नाही. (एफएससीके त्या डब्यातला नव्हता, शेजारून आणून ठेवलेला होता, असंही भाचा म्हणाला. मी ते सोडून दिलं. पंगतीला कोण कुठून आलं ते विचारायचं नसतं.)

"आणि मामा, तुम्ही आत्ता ज्या फोनवर बोलताय ना, त्यात याचा भाऊबंद आहे. टॉयबॉक्स. रॉब लँडली पूर्वी बिझीबॉक्सच सांभाळायचा. त्यानं २००६ साली हे दुसरं काढलं, आणि २०१५ पासून ते अँड्रॉइडमध्ये गेलं."

एका दुकानातला माणूस बाहेर पडतो आणि तोच माल घेऊन दुसरं दुकान काढतो, हे कोल्हापूरला समजावून सांगावं लागत नाही. एकानं 'मूळ' लिहायचं, दुसऱ्यानं 'अस्सल', आणि गिऱ्हाइकानं दोन्हीकडं जायचं.

तेवढ्यात मुंग्या थांबल्या. फाइल सिस्टिममध्ये बदल केलेत, अशी एक ओळ उमटली आणि परत ती रेघ लुकलुकायला लागली. भाच्यानं 'एक्झिट' लिहायला सांगितलं. इतक्या कष्टानं आत आल्यावर लगेच बाहेर जायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण लिहिलं. रोजचं चित्र आलं. बिल निघालं. टेम्पो गेला. जाताना ड्रायव्हर म्हणाला, "मालक, येताना परत बघतो हां, काय अडलं तर."

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण कोल्हापूरच्या पाण्यात नादाचे जंतू आहेत. मला त्या काळ्या पडद्याचा नाद लागला. रोज संध्याकाळी लेथ बंद झाले की मी टर्मिनल उघडून बसायला लागलो. भाच्यानं फोनवरून एकेक ओळख करून दिली. 'ट्रू' नावाची एक आज्ञा आहे. ती काहीच करत नाही आणि दर वेळी यशस्वी होते. 'फॉल्स' नावाची दुसरी आहे. तीही काहीच करत नाही, पण दर वेळी नापास होते. 'यस' नावाची तिसरी आहे, ती थांबवेपर्यंत नुसती वाय वाय वाय म्हणत राहते. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत हे तिघेही आहेत, फक्त तिथं त्यांना पदं आहेत.

पेन ड्राइव्ह काढण्याआधी सोडवायचा असतो, म्हणून मी 'अनमाउंट' लिहिलं. नॉट फाउंड. दहा वेळा लिहिलं. भाचा म्हणाला, त्यात पहिला एन नसतो, 'यू-माउंट' आहे ते. एक एन वाचवून यांनी काय बंगला बांधला? तर म्हणे लिनक्स ज्याच्या वळणावर गेलंय ते युनिक्स १९६९ चं, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधलं. तेव्हा बहुतेकांपुढं पडदा नसायचा, टेलिटाइप असायचा, म्हणजे अक्षरं कागदावर छापणारं टाइपरायटरसारखं यंत्र. त्यावर सेकंदाला १० अक्षरं छापली जायची आणि बटणंही जड. म्हणून सगळी नावं तोडून ठेवली. बोलणंही तसंच. केन थॉम्पसननं लिहिलेला 'ईडी' नावाचा एडिटर चूक झाली की नुसतं एक प्रश्नचिन्ह छापायचा. काय चुकलं ते तुमचं तुम्ही हुडका. आमचे वस्ताद असेच होते. डाव चुकला की एक भुवई वर जायची, आणि आम्ही शंभर जोर मारायला सुरुवात करायचो.

पण चूक झाल्यावर गप्प बसणं एक वेळ चालेल. या आज्ञा काम झाल्यावरही गप्प बसतात! फाइलची नक्कल काढली, चूं नाही. हलवली, चूं नाही. काम फत्ते झालं तर बोलायचं कशाला, असा तिथला रिवाज आहे. इथं एक पाइप बदलला तरी दोन फ्लेक्स लागतात. मी सुरुवातीला प्रत्येक एंटरनंतर पडद्याकडं बघत बसायचो, आता म्हणेल 'झालं मालक', मग म्हणेल 'झालं मालक'.

त्या शांततेनंच माझा घात केला.

गणपती तोंडावर आले होते. मंडळाच्या वर्गणीची यादी माझ्या मशीनवर, कारण खजिनदार मी. कुणी किती दिले, कुणाकडून यायचे, सगळं त्या एका फोल्डरात. त्याच फोल्डरात जुन्या फाइलींची अडगळ साठली होती, सगळ्यांच्या शेपटाला 'डॉट बॅक' लागलेलं. ती पुसावी म्हटलं. पुसणाऱ्या आज्ञेचं नाव आरएम. तिच्यापुढं एक तारा काढायचा आणि ताऱ्याला चिकटून डॉट बॅक. म्हणजे तसल्या शेपटाच्या सगळ्या फाइली गेल्या.

पहिल्या दिवशी जागा सोडली नाही म्हणून माझी फजिती झाली होती. तो धडा मी मनावर घेतला होता. आरएमनंतर जागा सोडली. ताऱ्यानंतरही सोडली.

नुसता तारा म्हणजे फोल्डरातलं सगळं. आरएमनं सगळं पुसलं आणि मग तक्रार केली, की 'डॉट बॅक' नावाची फाइल काही सापडली नाही ब्वा. आयुष्यात पहिल्यांदा हा डबा आपण होऊन माझ्याशी बोलला, तो हे बोलला.

भाच्याला फोन केला. कचऱ्याची टोपली कुठं असते म्हणून विचारलं. तो म्हणाला, "मामा, आरएमला टोपली नसते. पेन ड्राइव्हवर कॉपी ठेवली होती ना?" पेन ड्राइव्ह मी एन नसल्याच्या रागात ड्रॉवरमध्ये टाकला होता, त्यानंतर बाहेर काढला नव्हता.

रविवारी मंडळाची मीटिंग भरली. मी उभा राहून सांगितलं, की वर्गणीची यादी गेली. क्षणभर सगळे स्तब्ध झाले, आणि मग एकेकाचे चेहरे उजळायला लागले. ज्यांच्याकडून तीन वर्षांचे यायचे होते, त्यांनी आपण पहिल्याच आठवड्यात रोख दिल्याचं शपथेवर सांगितलं. एकानं तर उरलेले परत मागितले. यस, ट्रू आणि फॉल्स तिघांनीही माना हलवल्या.

अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "ते ऱ्हाऊ दे सगळं. यादी उडवली कुणी, ते सांगा आधी."

मी खाली मान घालून म्हणालो, "आरएमनं."

सगळी पोरं उठून उभी राहिली. दोघांनी गाड्यांना किक मारली. अध्यक्ष बाह्या मागं सारत माझ्याकडं वळले.

"आर. एम. म्हणजे कोण, माने का मोरे? आणि कुठल्या पेठेतला?"