शाळकरी पैलवानाचं वजन कोण ठरवणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगटचं वजन ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरलं आणि फायनलला पोचलेली पैलवान बाद झाली. तेव्हा कुस्तीशी काही घेणंदेणं नसलेली माणसंही वजनावर बोलायला लागली. त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने एका रात्रीत ४.६ किलो उतरवलं, ५७ किलोत कांस्य आणलं आणि त्याचं कौतुक झालं. दोघंही मोठी माणसं, सोबत डॉक्टर, आहारतज्ज्ञ, सगळा ताफा. माझ्या डोळ्यासमोर आहे तो नववीतला पोरगा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोन स्वेटर आणि वर रेनकोट घालून तो मैदानाला चकरा मारतो, पाणी बंद करतो, च्युइंगम चघळून डब्यात थुंकत बसतो. त्याच्यासोबत कुणी नसतं. असलंच तर "अजून सातशे ग्रॅम राहिलेत, पळ" म्हणणारं असतं.

या बाबतीत अमेरिकेतल्या हायस्कूल कुस्तीचं नियमपुस्तक आपल्या प्रत्येक वस्तादाने, क्रीडाशिक्षकाने आणि पालकाने समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. तिथली शालेय कुस्ती आपल्या फ्रीस्टाइलपेक्षा वेगळी. तिला फोकस्टाइल म्हणतात. दोन-दोन मिनिटांचे तीन डाव, जोर सगळा प्रतिस्पर्ध्याला खाली ताब्यात ठेवण्यावर. चीत करायला दोन्ही खांदे सलग दोन सेकंद मॅटला टेकलेले लागतात. नियम राष्ट्रीय पातळीवर हायस्कूल संघटनांचा महासंघ लिहितो आणि राज्यं ते थोड्याफार फरकाने लागू करतात. खेळ वेगळा असला तरी पंधरा वर्षांच्या मुलाचं शरीर कोल्हापुरात आणि आयोवात सारखंच चालतं.

हे नियम शहाणपणाने आधीच सुचले असं मुळीच नाही. नोव्हेंबर-डिसेंबर १९९७ मध्ये, साधारण महिन्याभरात, तिथल्या तीन वेगवेगळ्या कॉलेजांचे तीन पैलवान वजन उतरवताना मेले. पद्धत तिघांची एकच होती: हवा न खेळणारा रबरी सूट, तापवलेली खोली, व्यायाम, आणि पाणी जवळजवळ बंद. शरीरातलं पाणी गेलं की रक्ताचं आकारमान घटतं, हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात, घाम कमी होतो आणि आतली उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते. वरून रबरी सूट म्हणजे अंगातल्या भट्टीला झाकण. कॉलेजांनी काही आठवड्यांतच नियम बदलले. हायस्कूलला मात्र देशभर सक्ती व्हायला २००६-०७ चा हंगाम उजाडला. विस्कॉन्सिन राज्याने तर मुलांचं किमान वजन ठरवायचं काम १९८९ मध्येच हाती घेतलं होतं, म्हणजे रस्ता माहीत होता. बाकीच्यांना तीन मढी बघावी लागली.

आता प्रत्यक्ष पद्धत. मुलाने कुठल्या गटात खेळायचं हे स्पर्धेच्या सकाळी ठरत नाही. हंगामाच्या सुरुवातीला, पहिल्या कुस्तीच्या आधी, त्याचं मोजमाप होतं. आणि त्यातही काट्याचा नंबर नंतर लागतो, आधी लघवी तपासतात. लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ पेक्षा जास्त आलं, म्हणजे लघवी घट्ट असली, तर पोरगा पाणी तोडून आलाय. त्या दिवशी पुढचं मोजमाप होत नाही, निदान २४ तासांनी परत यायचं. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. सुकवलेल्या शरीराचं वजन हे वजनच नव्हे, त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

लघवी पास झाली की वजन, आणि मग अंगातली चरबी. कॅलिपर नावाच्या चिमट्याने कातडीची चुणी धरून जाडी मोजतात. मुलांची तीन ठिकाणी: दंडाची मागची बाजू, खांद्याच्या फऱ्याखाली आणि पोटावर. मुलींची पहिल्या दोनच ठिकाणी. प्रत्येक जागा एकापेक्षा जास्त वेळा मोजायची, कारण चुणीत स्नायू धरला गेला की आकडा फुगतो. त्यावरून चरबीची टक्केवारी काढतात. खालची मर्यादा मुलांसाठी ७ टक्के, मुलींसाठी १२ टक्के. त्याखाली नेईल असा गट मुलाला घेताच येत नाही, मग कोच कितीही मोठा असो.

हिशेब करून बघा. पोरगा ६० किलोचा, चरबी १५ टक्के. चरबी वजा जाता उरले ५१ किलो. हे ५१ किलो ९३ टक्के धरले तर ७ टक्के चरबीवर त्याचं वजन येतं ५४.८ किलो, तिकडच्या मापात सुमारे १२१ पौंड. तिथल्या बऱ्याच राज्यांत चालणाऱ्या मुलांच्या चौदा गटांत १२० चा गट आहे आणि त्यावर १२६ चा. या पोराला १२० मिळणार नाही. एका पौंडाने हुकला तरी हुकला. त्याला मिळणारा सगळ्यात खालचा गट १२६, म्हणजे ५७.१ किलो. आणि तिथेही तो लगेच जाऊ शकत नाही, कारण आठवड्याला १.५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरवायला बंदी आहे. साठ किलोच्या पोराला आठवड्याला ९०० ग्रॅम. म्हणजे १२६ ला तो चौथ्या आठवड्यात पोचणार, त्याआधी वरच्या गटात खेळणार. तारखेवार तक्ता कोचच्या हातात असतो आणि प्रत्येक कुस्तीच्या वजनाच्या वेळी तो बघितला जातो.

रबरी किंवा प्लास्टिकचा सूट, वाफेची खोली, वजनासाठी गरम पाण्याचे शॉवर, लघवी होण्याच्या गोळ्या, सगळ्याला स्पष्ट मनाई. शिवाय दोन शाळांच्या सामन्यात वजन कुस्तीच्या आधी जास्तीत जास्त तासभर घेतात. सकाळी वजन देऊन दिवसभर सलाइन, ग्लुकोज आणि केळी खाऊन संध्याकाळी पाच किलो जड होऊन उतरायला सापडतच नाही. एका तासात पोटात पाणी जातं, पण ते रक्तात आणि स्नायूंत भरून निघत नाही. सुकून आलेला पोरगा दुसऱ्या डावात पाय ओढायला लागतो, हे तिथल्या कोचांना चांगलं कळलंय.

पद्धतीला भोकं नाहीत असं नाही. मोजमापाच्या सकाळी लिटर-दोन लिटर पाणी पिऊन लघवी पातळ करता येते. कॅलिपर धरणारा कच्चा असला तर टक्केवारी दोन-तीनने चुकते. म्हणून निकाल मान्य नसेल तर पुन्हा मोजून घ्यायचा हक्क ठेवलाय. तरीही मुलाच्या वजनाचा निर्णय मुलाच्या, बापाच्या आणि कोचच्या हातातून काढून एका आकड्याकडे दिला, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. "खालच्या गटात बसला तर मेडल पक्कं" हे वाक्य आपल्याकडे चौदाच्या आतल्या पोरांनाही ऐकवलं जातं. त्या वयात हाडं वाढत असतात. मुलींचं तर पाळीचं चक्र बिघडतं आणि ते सांगायचं कुणाला, इथून सुरुवात असते.

वजनाबद्दल इतकं लिहिलं, कारण तिथेच आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष आहे. पण मॅटवरचे काही नियमही बघा.

आपल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत उंच फेकीला ४-५ गुण मिळतात. तिकडे हायस्कूलला फेक कितीही देखणी असो, तिला वेगळी बक्षिसी नाही. उलट नियम असा की ज्याने उचललं, त्याची खाली सुखरूप आणायची जबाबदारी. विनाकारण जोराने आपटलं तर तो स्लॅम, म्हणजे नियमभंग. उभ्याने मागून कंबर धरून थेट मागे फेकणं पूर्ण बंद. म्हणून कोच पोरांना शिकवतात की उचलल्यावर आधी आपला गुडघा मॅटवर टेकव, मग त्याला आण. आपला गुडघा टेकला की पडण्याची उंची आपोआप निम्मी होते.

मानेचं तसंच. नुसती मान काखेत आवळायला बंदी, मानेसोबत समोरच्याचा एक हात आत घेतलाच पाहिजे. त्या हातामुळे सगळा आवळ एकट्या मानेवर येत नाही. दोन्ही काखांतून हात घालून मानेवर कुलूप लावायलाही बंदी. आपल्याकडे या डावाला हप्ते म्हणतात, ते भरणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. पाठीमागे पिरगळलेला हात काटकोनाच्या वर न्यायचा नाही. एखाददुसरं बोट धरून मागे वाकवायचं नाही. चूक झाली की समोरच्याला पहिल्यांदा एक गुण, दुसऱ्यांदा एक, तिसऱ्यांदा दोन, चौथ्यांदा बाहेर. आणि बेकायदा पकडीने जखमी झालेला पोरगा पुढे खेळू शकला नाही, तर कुस्ती त्याची. हे शेवटचं फार कामाचं आहे, कारण दुखापत करून जिंकायचा फायदाच उरत नाही.

याहून चांगली एक तरतूद आहे. काही पकडी कायदेशीर असतात, पण अजून चार बोटं सरकल्या तर खांदा किंवा गुडघा जाईल अशा. अशा वेळी पंच नुसता थांबवतो. गुण कुणालाच नाही, शिक्षा नाही, परत सुरू करा. चांगला पंच तर शिट्टीच्याही आधी स्वतःचा हात मध्ये घालून हाड अडवतो. त्यासाठी त्याला वाकून, पकडीच्या बाजूला, सांधा दिसेल असं उभं राहावं लागतं. आपल्याकडचे पंच गुण बघायला तयार असतात, सांधा बघायला किती जण तयार असतात?

डोक्याला मार लागल्याचं एक जरी लक्षण दिसलं (गोंधळलेला चेहरा, तोल जाणं, उलटी, डाव कितवा हे न सांगता येणं) तरी पोरगा बाहेर आणि वैद्यकीय माणसाने लेखी सोडल्याशिवाय परत नाही. साध्या दुखापतीला एकूण दीड मिनिट, रक्त थांबवायला पाच मिनिटं, डोकं-मानेच्या तपासणीला वेगळी पाच मिनिटं. ही वेगळी वेळ ठेवण्यामागे कारण आहे. घड्याळ दीड मिनिटाचं असलं की कोच तोंडावर पाणी मारून पोराला उभा करतो. वॉशिंग्टन राज्याने डोक्याच्या दुखापतीचा कायदा २००९ मध्ये केला आणि २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले.

आता कान. आपल्याकडे फुटलेला कान म्हणजे पैलवानाची ओळख, फोटोत मुद्दाम तीच बाजू पुढे. तिकडे हायस्कूलला कानावर कवच नसेल तर कुस्तीच नाही. कानाच्या कूर्चेला, म्हणजे आतल्या मऊ हाडाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं. घासून किंवा आपटून आवरण सुटलं की मध्ये रक्त साचतं, कूर्चा उपाशी मरते आणि तिथे गाठीगाठींचा कडक थर तयार होतो. कान फुगल्यावर पहिल्या काही दिवसांत डॉक्टरकडून रक्त काढून दाबपट्टी बांधली तर आकार वाचतो. नुसती सुई मारून सोडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतो. घरच्या सुईने पू होतो, तो वेगळा.

कातडीच्या रोगांत ते किती कडक आहेत हे बघण्यासारखं आहे. १९८९ मध्ये मिनेसोटातल्या एका कुस्ती शिबिरात १७५ पोरांपैकी ६० जणांना हर्पिस झाला. ताप गेल्यावर ओठाच्या कडेला येतात तशा पाणीदार पुळ्या, पण चेहऱ्यावर, मानेवर, हातावर. डोळ्यात गेला तर नजरेला धोका. २००७ मध्ये त्याच राज्याने साथ आली म्हणून हायस्कूल कुस्तीचे सराव आणि सामने सगळे आठ दिवस बंद ठेवले. आज तिथे वजनाच्या वेळीच कातडी तपासतात. गजकर्ण असेल तर अंगावरच्याला ७२ तास औषध, डोक्यातल्याला १४ दिवस, तेव्हा कुठे परवानगी. डॉक्टरची सही हवीच.

आपल्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालतात. ती आपली परंपरा आहे आणि ती जपलीच पाहिजे. पण गजकर्ण झालेल्या पोराला "मातीत लोळला की जाईल" म्हणून हौद्यात उतरवू नका. माती धुता येत नाही, मॅट धुता येतो, म्हणून मातीत तर जास्तच काळजी. मॅट असेल तर रोज सरावाआधी जंतुनाशकाने पुसा, बाटलीवर लिहिलेली मिनिटं तो ओला राहू द्या, फडकं एकाच दिशेने फिरवा, आणि बाहेरच्या चपला-बूट घालून कुणी मॅटवर चढता कामा नये. टॉवेल ज्याचा त्याचा. सराव झाल्या झाल्या साबणाने आंघोळ, घरी जाऊन नव्हे.

यातलं किती आपल्याकडे जमेल? वजनाचं सगळं जमेल, आणि सुरुवात तिथूनच करावी. लघवीचं गुरुत्व बघायचा रिफ्रॅक्टोमीटर हातात मावतो, एक थेंब पुरतो. कॅलिपर तर त्याहून साधा. तालुक्याला एक संच आणि तो नीट वापरायला शिकवलेले दोन क्रीडाशिक्षक एवढं झालं तरी पुष्कळ. शाळा जूनमध्ये उघडतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मोजमाप घ्या, प्रत्येक पोराचा सगळ्यात खालचा गट वहीत लिहा, पालकाची सही घ्या आणि त्याची एक प्रत पोराच्या खिशात द्या. वरचा साठ किलोचा पोरगा मग जुलैअखेर त्याच्या गटात पोट भरून जेवून बसलेला असेल.