‘गॅस न भरताच पैसे घेतले’ या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. दीड टनाच्या स्प्लिट एसीत गॅस भरायला तुम्ही आम्हाला बोलावलं. आमच्या पोरानं, म्हणजे मेकॅनिकनं, गॅस न भरता व्हिजिटचे ४०० रुपये घेतले, आतलं युनिट दुकानात न्यावं लागेल म्हणून ६,८०० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं आणि वर ‘फिल्टर तुम्हीच धुवत जा’ असं ऐकवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एकानं २,००० रुपयांत, अर्ध्या तासात गॅस मारून दिला, मशीन गार पडलं. म्हणून आम्ही लुटारू.

मशीन गार पडलं असणारच, त्यात वाद नाही. गॅस कमी झालेल्या मशीनमध्ये गॅस घातला की कूलिंग येतंच. पण गेल्या एप्रिलमध्येही गॅस भरून घेतला होता, हे तुम्हीच आमच्या पोराला सांगितलंत. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. लिकेज नसेल तर वर्षानुवर्षं भरावा लागत नाही. वर्षाच्या आत दुसऱ्यांदा कमी पडला, म्हणजे कुठून तरी बाहेर जातोय, आणि ते भोक गॅस मारून बुजत नाही.

आता त्या ४०० रुपयांत काय झालं ते सांगतो. पोरानं आउटडोअर म्हणजे बाहेरच्या युनिटजवळची बारीक नळी पाहिली, तिच्यावर बर्फ धरला होता. गेज लावलं, प्रेशर कमी. नळ्या जिथं युनिटला जोडतात त्या चारही फ्लेअर नटांना साबणाचं पाणी लावलं, एकाही ठिकाणी बुडबुडा नाही. नटाला लिकेज असतं तर तिथल्या तिथं नळीचं तोंड नव्यानं फुलवून (फ्लेअर करून) काम संपलं असतं, खर्चही निम्म्यावर आला असता. मग त्यानं आतल्या युनिटचं कव्हर काढलं. कॉइलच्या, म्हणजे आतल्या गार होणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या, उजव्या कडेला, खालून दुसऱ्या वळणावर तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटून काळी पडली होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गॅस जिथून सुटतो तिथं बहुतेक वेळा तेल दिसतं. त्याचा फोटो त्याच दिवशी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय.

कॉइलचं लिकेज भिंतीवर लटकलेल्या युनिटमध्ये नीट निघत नाही. कॉइल उतरवायची, नायट्रोजनचं प्रेशर भरून पाण्याच्या टाकीत बुडवायची, बुडबुडे येतील तिथं ब्रेझिंग करायचं, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवायचं, आणि पुन्हा प्रेशरवर ठेवून बघायचं. बसवल्यावर व्हॅक्युम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची. यातली ओल महत्त्वाची. आर-३२ गॅसच्या मशीनमधलं तेल ओल पटकन ओढून घेतं, पुढे त्यात आम्ल तयार होतं आणि फटका कॉम्प्रेसरला बसतो. शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलंय तेवढाच गॅस सोडायचा. ६,८०० मध्ये हे सगळं धरलं होतं, काढणं-बसवणं आणि गॅससकट. आणि एकाहून जास्त ठिकाणी भोकं निघाली तर काम थांबवून आधी तुम्हाला विचारू, हेही एस्टिमेटच्या खाली लिहिलेलं आहे.

अर्ध्या तासात यातलं काय काय बसतं, ते मी सांगत नाही. त्या माणसाला मी ओळखत नाही, त्याचं काम पाहिलेलं नाही. तुम्हीच त्याला विचारा: लिकेज कुठं सापडलं, पंप किती वेळ चालवला, गॅस किती ग्रॅम घातला. आणि बिल मागा. आमच्याकडे येणाऱ्यांनीही आम्हाला हेच विचारावं, कुणाला राग येत नाही.

फिल्टरचं म्हणाल तर तो उर्मटपणा नव्हता. तुमचं घर सांगलीच्या मार्केट यार्डाच्या अंगाला, जिथं हळदीचे सौदे होतात. फिल्टर काढला तेव्हा जाळी पिवळीधमक होती, बोट फिरवलं की हळद. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत त्या भागातल्या प्रत्येक घरात हेच दिसतं. एवढी जाळी तुंबली की हवा ओढली जात नाही, कॉइलवर बर्फ चढतो आणि गॅस कमी असल्यासारखंच वाटतं. म्हणून पोरानं आधी जाळी धुऊन मशीन चालवून पाहिलं, मगच गेज लावलं. नळाखाली गार पाण्यानं धुवायची, सावलीत वाळवायची, पाच मिनिटांचं काम आहे. एरवी पंधरा दिवसांनी, हळदीच्या सीझनला दर आठवड्याला. त्यासाठी आम्हाला ४०० रुपये द्यायचे, हे आम्हालाच पटत नाही. (धंद्याच्या दृष्टीनं मी हे बोलायला नको, असं आमच्या घरचे म्हणतात.)

खरंच लुटायचं असतं तर सोपा रस्ता होता. ‘मशीन गेलं, नवीन घ्या, सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय’ असं म्हटलं असतं तर तुम्ही कदाचित घेतलंही असतं. पोरानं कॉम्प्रेसर किती करंट (अँपिअर) ओढतो ते तपासलं, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. म्हणूनच दुरुस्ती सुचवली. त्यानं वॉरंटी कार्डही मागितलं होतं, ते सापडलं नाही म्हणालात. ते जरूर शोधा. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरवर १० वर्षं देतात, कॉइलवर किती आहे ते कार्डावर बघा. कॉइल वॉरंटीत बसत असेल तर आम्हाला एक रुपयाही न देता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावा.

व्हिजिट चार्ज फोनवर आधी सांगितला जातो, तुम्हालाही सांगितला होता. काम आमच्याकडून केलं तर तो बिलातून वजा होतो, तुमच्या बाबतीत पुढच्या मार्चपर्यंत. तोवर बारीक नळीवर पुन्हा बर्फ दिसला किंवा खोली गार व्हायला वेळ लागू लागला, तर मशीन तसंच दामटू नका, कॉम्प्रेसर तापतो. बंद करून फोन करा. सध्या विश्रामबाग, मिरज, कुपवाड सगळीकडून एकदम कॉल येताहेत, त्यामुळे दोन दिवस लागतील. सर्व्हिससाठी म्हणाल तर जानेवारीत बोलावलंत तर त्याच दिवशी माणूस येतो.