चहा सोडून करोडपती होण्याचा हिशोब

परवा भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत टाकला. तुमच्याकडेही आलाच असेल, दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो, फक्त वरचा फोटो बदलतो, कधी गुलाब तर कधी नोटांची थप्पी. मजकूर थोडक्यात असा की चहा, वडापाव, सिगरेटवर तुम्ही रोज १०० रुपये उडवता, तेच महिन्याला ३,००० करून एसआयपीत टाका, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात, ३० वर्षांनी १ कोटी. पोस्ट, एफडी, भिशी हे अडाण्यांचे उद्योग. अडचण कमी पगाराची नाहीच, शिस्तीची आहे. आणि शेवटी, गरीब राहिलात तर दोष तुमचा. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

ग्रुपवर मी गप्प बसलो, कारण भाऊजींशी वाद घातला की संध्याकाळी ताईचा फोन येतो. म्हणून इथे लिहितोय.

आधी आमचं सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. डोंबिवलीत भाड्याचं वन रूम किचन, ठाण्यात एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, हातात २६,५०० पडतात. बायको ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, लग्नसराईत पाच-सहा हजार होतात आणि पितृपक्षात मशीनवर धूळ. मुलगी पाचवीत. वडील आमच्यातच.

"३० वर्षांनी १ कोटी"

गणित चुकीचं नाही, ते आधी कबूल करतो. वर्षाला १२ टक्के वाढ धरली तर महिन्याच्या ३,००० चे ३० वर्षांनी १ कोटी ५ लाखांच्या वर होतात, मी स्वतः एक्सेलमध्ये करून पाहिलंय. पण ते १२ टक्के कुणी लिहून दिलेत? ८ धरा, आकडा ४५ लाखांवर येतो. दुसरं म्हणजे महागाई. ती ६ टक्के धरली तर ३० वर्षांनंतरचा तो कोटी म्हणजे आजचे साधारण १८ लाख, त्यात आज आमच्या डोंबिवलीत साधा वन बीएचके येत नाही. वर विकताना सव्वा लाखाच्या पुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स, तो मेसेजमध्ये नसतोच. १८ लाख म्हणजे काही वाईट रक्कम नाही हो, मला दिली तर मी नाचेन, पण मग तसं सांगा ना, १ कोटी म्हणून कशाला भुलवता.

"रोज १०० रुपये उडवता"

कोण उडवतं? मी कामाच्या दिवशी एक कटिंग पितो, १२ रुपये. सिगरेट नाही. वडापाव आठवड्यातून एकदा, तोही डबा नसेल तेव्हा. महिन्याचे चहाचे ३०० होतात. ते ३०० मी त्यांच्याच १२ टक्क्यांनी ३० वर्षं टाकले तर साडेदहा लाख, आजच्या भावात १ लाख ८४ हजार. म्हणजे वयाच्या ३८ पासून ६८ पर्यंत टपरीवर मित्रांशेजारी नुसतं उभं राहायचं, त्याची ही किंमत.

आमचे पैसे जातात कुठे ते सांगतो. भाडं ८,०००. किराणा, दूध, भाजी मिळून नऊ-साडेनऊ. शाळा आणि रिक्षा २,५००, वडिलांच्या शुगर-बीपीच्या गोळ्या १,८००, गॅस, लाईट, मोबाईल, लोकलचा पास मिळून आणखी अडीच-पावणेतीन. गावी आईच्या नावावरच्या घराची पट्टी, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं हे वेगळं. यातून ३,००० काढायचे तर ते चहातून निघत नाहीत, ते गोळ्यांतून नाहीतर शाळेतून निघतील. हा मेसेज ज्याच्यासाठी लिहिलाय त्याच्याकडे उडवायला १०० आहेत, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला तो शिस्त शिकवतो.

"अडचण शिस्तीची आहे"

हे मात्र लागलं मला. कारण शिस्त आमच्या पगारातून आधीच कापून घेतात. पीएफचे १,८०० दर महिन्याला हातात यायच्या आत जातात. कंपनी तेवढेच भरते, त्यातले १,२५० पेन्शनला आणि ५५० पीएफला. म्हणजे माझ्या खात्यात २,३५० जमतात, सध्या त्यावर सव्वाआठ टक्के व्याज आहे, असंच चाललं तर ३० वर्षांत ३४-३५ लाख होतील. मी बचत करत नाही म्हणणाऱ्याने हे कुठे मोजलं? चूक माझी एकच आणि ती चहाची नाही, २०१७ ला नोकरी बदलली तेव्हा आधीचा पीएफ ट्रान्सफर न करता काढून घेतला, मोबाईल घेतला, उरलेल्यात देणी फेडली. आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांनी हेच केलंय. फॉरवर्डच करायचं तर हे करा, की नोकरी बदलली तर पीएफ काढू नका.

खरी गोष्ट अशी आहे की पगार दर महिन्याला सारखा येतो आणि खर्च तसा येत नाही. जूनमध्ये फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट, बूट एकदम. मग गणपतीला गावी जायचं, तिकीट मिळालं नाही की खासगी बसवाला मागेल ते. दिवाळीला बोनस आला तर तो आधीच खर्च झालेला असतो. अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट संपतं की भाडं वाढतं, घर बदलावं लागलं तर डिपॉझिट, एजंटला एक भाडं, टेम्पो. मीही २०२२ ला मोठ्या हौसेने १,००० ची एसआयपी लावली होती, जूनमध्ये हप्ता बाऊन्स, बँकेने दंड लावला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, सप्टेंबरमध्ये परत तेच. बाराशेच्या वर नुसता दंड गेला. शिस्तच पाळत होतो, खात्यातच नव्हते त्या तारखेला. आणि हाताशी एकरकमी पैसे नसले की सगळंच महाग पडतं, हे ज्याला कधी पडलं नाही त्याला पटत नाही. लोकलचा तीन महिन्यांचा पास काढला तर तीन वेगळ्या पासांपेक्षा दहा टक्के स्वस्त, पण त्यासाठी आज तीन महिन्यांचे पैसे पाहिजेत. एप्रिल-मे मध्ये वर्षाचे गहू-तांदूळ भरले, मसाला एकदाच कुटून घेतला तर वर्षभरात दोन-अडीच हजार सहज वाचतात. माझी आई हे करायची, तिला एसआयपी म्हणजे काय माहीत नव्हतं. आम्ही चार वर्षं करू शकलो नाही, दर महिन्याला वाण्याकडून पाच-पाच किलो आणत होतो, तेही वहीवर.

"पोस्ट, एफडी, भिशी अडाण्यांचे उद्योग"

इथे मला एक शनिवार आठवतो. २०२३, संध्याकाळी साडेसहा, वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, जवळच्या हॉस्पिटलात नेलं, काउंटरवर सांगितलं ३०,००० डिपॉझिट भरा मग वर नेतो. माझ्या म्युच्युअल फंडाच्या ॲपमध्ये तेव्हा ११ हजार काहीतरी दिसत होते. दिसत होते इतकंच, कारण शनिवार-रविवार बाजार बंद, सोमवारी विकले तर पैसे खात्यात यायला अजून दोन-तीन कामाचे दिवस. बायकोने भिशीवाल्या वहिनींना फोन केला. बारा जणींची हजार-हजारची भिशी, त्या महिन्याचे १२,००० दुसऱ्याच एका ताईंच्या चिठ्ठीला लागले होते, त्यांनी स्वतःहून सांगितलं तू घे, मी तुझ्या नंबरला घेईन. अर्ध्या तासात पैसे. बाकीचे १८,००० कुठून आले माहितीये? टपरीवरच्या तिघांकडून, ज्यांच्याबरोबर मी १२ रुपयांचा चहा उडवतो. सोमवारी बायकोची चेन बँकेत गहाण ठेवून पुढचं बिल भागवलं. (नंतर कळलं की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण ते हॉस्पिटल त्या यादीत नव्हतं. तुमच्या घराजवळचं कोणतं यादीत आहे ते आजच बघून ठेवा, काउंटरवर उभं राहून ते सुचत नाही.)

भिशी म्हणजे देवाचा अवतार असं नाही म्हणत मी. गोळा करणारा पैसे घेऊन पळाला असं आमच्याच चाळीत घडलंय, आणि अनोळखी माणसाच्या भिशीत मी एक रुपया टाकणार नाही. बँकही काही देव नाही, २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्यावर खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० काढता येत होते, तेव्हा ठेवींचा विमाही १ लाखाचाच होता, तो ५ लाख झाला २०२० च्या फेब्रुवारीत. पण पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव, १०० रुपयांपासून सुरू होते, व्याज सध्या ६.७ टक्के, आणि तिच्यावर कुणी हसण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

अजून एक, ज्याच्यावर तो मेसेज अक्षरही बोलत नाही: कर्ज. आमच्या शेजारच्या वहिनींनी बचत गटातून मशीनसाठी २०,००० घेतलेले, महिन्याला दोन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला २४. लाडक्या बहिणीचे १,५०० येतात ते त्या सरळ त्या कर्जात भरतात. त्यांच्या नणदेचा मुलगा म्हणाला, मामी त्याची एसआयपी करा. कशाला? २४ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे २४ टक्के पक्के कमावणं, कुठला फंड देतो हे खात्रीने? क्रेडिट कार्डावर बाकी फिरवणाऱ्याचं तर महिन्याला साडेतीन टक्के जातं. त्याने १२ टक्क्यांच्या मागे लागणं म्हणजे पिंपाचा नळ उघडा ठेवून तांब्याने ते भरणं.

आणि विमा. पंतप्रधान जीवन ज्योतीचे वर्षाला ४३६, सुरक्षा विम्याचे २०, दोन्हीत २ लाखांचं कव्हर, एक कुठल्याही मृत्यूला, दुसरं अपघाताला. महिन्याला ३८ रुपये पडतात. चहा सोडायचाच असेल तर महिन्यातले तीन-चार यासाठी सोडा, मी काही बोलणार नाही.

"गरीब राहिलात तर दोष तुमचा"

याला काय उत्तर देणार. भाऊजींचा स्वतःचा फ्लॅट त्यांच्या वडिलांनी १९९४ ला घेतलेला आहे. मी वाईट अर्थाने नाही म्हणत, चांगली माणसं आहेत, त्या सोमवारी तेही हॉस्पिटलात डबा घेऊन आले होते. पण महिन्याचे ८,००० भाडं वाचतं तेव्हा शिस्त आपोआप येते.

एसआयपी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही हे परत सांगतो, नाहीतर खाली लोक तेच लिहितील. आमच्या क्रमात ती चौथी-पाचवी येते. आधी वाण्याची वही बंद केली, मग चेन सोडवली, मग ५०० ची आरडी. यंदा मे महिन्यात साठलेल्या पैशातून चार वर्षांनी पहिल्यांदा वर्षाचे गहू भरले, दोन कोठ्या, कडुलिंबाचा पाला घालून. बायको शिवणाच्या मापांच्या वहीत मागच्या पानावर एक आकडा लिहिते. आज पगार थांबला तर कुणाकडे हात न पसरता घर किती दिवस चालेल, तो आकडा. दोन वर्षांपूर्वी तो शून्याच्या खाली होता, ती लाल पेनाने लिहायची. एप्रिलला २६ पर्यंत गेला होता, जूनच्या फीने ९ वर आणला. काल बघितला तेव्हा १७ होता.