बोटांची जबानी

डिजिटल पियानोच्या खोक्यावर ‘कॉम्प्युटरला सहज जोडता येतो’ असं छापलेलं असतं आणि त्यात खोटं काही नाही. जोडायला अर्धं मिनिट पुरतं. संध्याकाळ जाते ती त्याच्या पुढे.

सुरुवात पियानोच्या पाठीमागून होते. पियानो आणि भिंत यांच्यामधे हाताचा पंजा जातो पण डोकं जात नाही, नेमक्या त्या जागी यूएसबीची भोकं असतात. आडवं चपटं भोक पेनड्राइव्हचं, त्यावर ‘टू डिव्हाइस’ लिहिलेलं. चौकोनी, दोन कोपरे तासलेलं भोक ‘टू होस्ट’चं. कॉम्प्युटरची केबल जाते ती या चौकोनी भोकात. प्रिंटरला असते तीच ही केबल. नव्या काही मॉडेलांवर चौकोनी भोकाच्या जागी टाइप-सी आलंय, त्यामुळे फोनच्या चार्जरची केबल लावायचा मोह होतो. काही स्वस्त चार्जिंग केबलींत फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. मग कॉम्प्युटरला पियानो दिसत नाही, आणि दिसत नाही असं तो सांगतही नाही. केबल पाच मीटरहून लांब नको, आणि पियानो आधी चालू करून मगच सॉफ्टवेअर उघडा. बरेचसे प्रोग्राम फक्त उघडताना इकडेतिकडे बघतात. नंतर आलेल्या पाहुण्याची दखल घेत नाहीत.

एवढं जमलं की माणूस हौसेनं ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर उघडतो, लाल बटण दाबतो, जीव ओतून वाजवतो आणि पडद्यावर एक सरळ आडवी रेघ बघतो. इथे बहुतेक जण दुकानात जाऊन नवी केबल आणतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! केबल बिचारी आपलं काम चोख करत असते, फक्त ते काम आवाज नेण्याचं नसतं.

तिच्यातून जाते ती मिडी, १९८३ साली ठरलेली पद्धत. मिडी म्हणजे बोटांची जबानी. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच तिच्यात असतं. मधला सी हा ६० नंबर. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर सगळ्यात खालचा स्वर २१ आणि वरचा १०८. जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. स्वर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलचा नंबर ६४. आवाजाचा यात कुठे पत्ता नाही. काही पियानो यूएसबीतून आवाजही पाठवतात, पण ते कॉम्प्युटरच्या साउंड डिव्हाइसच्या यादीत वेगळे दिसतात. यादीत नाव नसेल तर आपला पियानो त्यांतला नाही, विषय संपला.

आवाजच हवा असेल तर पियानोच्या लाइन आउटमधून डाव्या-उजव्या अशा दोन ६.३५ मिलिमीटरच्या वायरी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या डब्याच्या) लाइन इनपुटला लावा. लॅपटॉपच्या हेडसेटच्या भोकात वायर खुपसू नका. तिथलं इनपुट माइकचं, तेही मोनो. तिथे पियानो एकतर फाटतो नाहीतर एका कानाचा होतो. यूएसबी आणि ऑडिओ दोन्ही एकदम जोडले की कधीकधी घूंऽऽ असा गुंजारव सुरू होतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुंजारव थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या तारांतून फिरणारा नको तो प्रवाह. मिडीच्या जुन्या पाच पिनांच्या गोल जोडणीत इनपुटला ऑप्टोकपलर (प्रकाशानं निरोप पोचवणारा भाग) असायचा, दोन यंत्रांत विजेचा थेट संबंधच यायचा नाही. यूएसबीत ती सोय नाही. प्रगती म्हणतात ती हीच.

आता कॉम्प्युटरमधला सुंदर ग्रँड पियानो आपल्या पट्ट्यांवरून वाजवायचा म्हटलं की वरातीमागून घोडं. पट्टी आत्ता दाबली, आवाज जरा वेळानं. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे तुकडे) बफर, म्हणजे वाजण्याआधी जमवायचे तुकडे, १०२४ असेल तर नुसत्या त्या बफरचा उशीर २३ मिलिसेकंद. तो १२८ वर आणला की साधारण ३. अजून खाली गेलात की चटचट फुटल्यासारखे आवाज येतात, कारण प्रोसेसरला दम खायला वेळ उरत नाही. विंडोजवर आवाज कमी उशिरानं नेणारा असिओ ड्रायव्हर हवाच. मॅकला तो त्रास नाही. ब्लूटूथ हेडफोन मात्र कपाटात ठेवा, त्याचा उशीर कुठल्याही बफरनं भरून निघत नाही.

प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येत असेल तर भूतबाधा नाही. एकदा पियानो स्वतः वाजतोय, एकदा कॉम्प्युटर. पियानोच्या सेटिंगमध्ये ‘लोकल कंट्रोल’ बंद करा. दुसऱ्या दिवशी पियानो मुका झाला म्हणून मेकॅनिकला फोन लावण्याआधी तेच सेटिंग पुन्हा चालू करा. आणि जुन्या विंडोजवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडं ठेवून नोटेशनचं (वाजवलेलं कागदावर लिहिणारं) उघडलंत, तर बहुतेक वेळा दुसऱ्याला पियानो मिळतच नाही. एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत, तसं एका मिडी पोर्टवर दोन प्रोग्राम.

पण हे सगळं सोसता येतं. खरा अपमान नोटेशनमध्ये आहे.

मेट्रोनोम (टकटक ठोके देणारं यंत्र) न लावता छान भावपूर्ण वाजवलेली मिडी फाइल म्यूजस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. आपण वाजवलं बालगीत. समोर येतं ते मुंग्यांचं वारूळ. कारण जबानी शब्दशः घेतली जाते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे चौसष्टांश स्वर (ठोक्याचा सोळावा भाग) ३१ मिलिसेकंदांचा. सेटिंग तेवढं बारीक असलं तर बोट तेवढं आधी उचललं की तिथे चौसष्टांश विराम उमटतो, तीन शेपट्यांच्या वर चौथीसकट. तीन बोटांचा कॉर्ड माणसाच्या हातून कधीच एका क्षणी पडत नाही, म्हणून तो टायच्या (एकाच स्वराचे तुकडे जोडणाऱ्या) कमानींनी बांधून येतो. मेट्रोनोम नसला तर कागदावरच्या उभ्या रेघा एकीकडे आणि आपली सम दुसरीकडे. डाव्या हाताचा अंगठा मधल्या सीच्या वर सरकला की तो स्वर बिनदिक्कत उजव्या हाताच्या खात्यात जमा होतो. पुन्हा ६१ नंबर म्हणजे सी शार्प की डी फ्लॅट (एकाच काळ्या पट्टीची दोन नावं), हे जबानीत नसतंच. की सिग्नेचर (रचनेतले शार्प-फ्लॅट सांगणारी खूण) आधी सांगितली नाहीत तर सॉफ्टवेअर मनाला येईल ते लिहितं.

यावर क्वांटाइझचा, म्हणजे स्वर जवळच्या ठरावीक जागी सरकवण्याचा उतारा आहे, पण तोही बेतानं. गाण्यातला सगळ्यात छोटा स्वर एक-अष्टमांश असेल तर सेटिंग अष्टमांशच ठेवा. ‘असू दे बारीक’ म्हणून चौसष्टांश ठेवलंत की वारूळ परत. सोळांशाच्या जाळीत ट्रिपलेटची (दोन स्वरांच्या वेळात तीन) मात्र मोडतोड होते, आणि कणस्वर मुख्य स्वरात विरघळून जातात. मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नका. त्याची प्रत काढून तिच्यावर काय ते प्रयोग करा.

माझा सरळ सल्ला: ऐकण्यासाठी एकदा वाजवा, लिहिण्यासाठी वेगळं वाजवा. लिहिण्याचं वाजवणं ६० च्या लयीत, मेट्रोनोमच्या धाकात, पेडलवरून पाय काढून. उजवा हात एका ट्रॅकवर, डावा दुसऱ्या. लय निम्मी झाली की तोच चौसष्टांश ६२ मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे बोटांना चुकायला दुप्पट जागा मिळते. ऐकायला हे वाजवणं भयंकर लागतं. दार लावून घ्या.

आणि खरं सांगायचं तर दोन-तीन पानांच्या रचनेसाठी हाही खटाटोप नको. म्यूजस्कोरमध्ये एन दाबून नोट इनपुट चालू करा, ५ म्हणजे एक ठोका, ४ म्हणजे अर्धा, ६ म्हणजे दोन. आधी आकडा, मग पियानोवर पट्टी. विरामाला शून्य. इथे लय, जोर, पेडल, भावना यांतलं कशाचंच कुणाला काही नाही, त्यामुळे पान स्वच्छ येतं. फक्त मधेच पियानोवरची धूळ पुसायची हुक्की आली तर आधी नोट इनपुट बंद करा. फडकं डावीकडून उजवीकडे फिरलं की तेही इमानेइतबारे लिहिलं जातं, आणि मग कंट्रोल-झेड दाबत बसावं लागतं.