‘हॉटेलचं तेल फुकट, डिझेल पंचवीस रुपयांत’: त्या मेसेजमधला एकेक दावा

गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘हॉटेलं आणि वडापावच्या गाड्यांवरचं तळणीचं तेल फुकट मिळतं. त्यात मिथेनॉल आणि मूठभर कॉस्टिक सोडा घाला, घरच्या घरी बायोडिझेल तयार. खर्च लिटरला २५ रुपये. कुठल्याही ट्रॅक्टर-जीपला चालतं. जैवइंधन असल्यामुळे परवाना लागत नाही. उरलेल्या ग्लिसरिनचा साबण करून विका.’

हाताला काम नसलेली पोरं हे वाचून उधार-उसनवारीवर ड्रम आणि मोटर आणायला निघतात, म्हणून हे लिहितोय. वापरलेल्या खाद्यतेलापासून चांगलं बायोडिझेल होतं, एवढं त्या मेसेजमधलं खरं आहे. त्याच्या आजूबाजूला जे रचलंय ते घातक आहे.

तेल फुकट मिळत नाही. फरसाणचे कारखाने आणि मोठी हॉटेलं ते विकतात, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. त्यातलं एक गिऱ्हाईक म्हणजे हेच तेल स्वस्तात घेऊन पुन्हा तळणीला वापरणारा. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी घातक संयुगं, म्हणजे ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि उरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, असंही बंधन आहे. म्हणजे तुम्ही कॅन घेऊन दारात उभे राहिलात, तरी नियमाने वागणारा हॉटेलवाला तुम्हाला तेल देणार नाही आणि नियम न पाळणारा जास्त भाव देणाऱ्याला देईल.

आता २५ रुपयांचं बघू. १०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल लागतं. त्यातलं साधारण साठ टक्केच प्रत्यक्ष खर्ची पडतं, बाकीचं तेलाचं बायोडिझेल होण्याची क्रिया पूर्ण व्हावी म्हणून जादा घालावं लागतं. ते परत मिळवायची सोय नसेल तर ग्लिसरिनमध्ये आणि बायोडिझेल धुण्याच्या पाण्यात जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलसाठी योजना आणली, तेव्हा पहिल्या वर्षासाठी त्यांनी स्वतःच लिटरला ५१ रुपये भाव ठरवला होता. लाखो लिटरचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या त्या वेळी एवढा भाव द्यायला तयार होत्या आणि आज परसातल्या ड्रममध्ये ते २५ रुपयांत पडेल, हे पटणारं नाही.

शिवाय प्रत्येक तेल वेगळं. जितकं जास्त जळलेलं, तितकं त्यात आम्ल जास्त, आणि ते आम्ल सोड्याशी मिळून साबण बनवतं. म्हणून जाणकार आधी चाचणी करतो: १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचे दोन थेंब टाकायचे आणि लिटरभर पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक सोडा असलेलं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिली लागले, तितके ग्रॅम सोडा लिटरमागे जास्तीचा, ताज्या तेलाला लागणाऱ्या मूळच्या साडेतीन ग्रॅमवर. आकडा फारच वर गेला तर गंधकाम्लाची वेगळी पायरी आधी करावी लागते. मेसेजमध्ये ‘मूठभर सोडा’ लिहिलंय. मुठीने सोडा टाकला तर ड्रममध्ये खळ तयार होते.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो ‘घरच्या घरी’ या शब्दांचा. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि क्रिया करायची ती ५५ ते ६० अंशांवर, म्हणजे उकळबिंदूच्या अगदी जवळ. वाफ सतत सुटत असते आणि ती ११-१२ अंशांनाही पेट घेऊ शकते. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही, त्यामुळे आग लागल्याचं कळतं तेव्हा कपडे पेटलेले असतात. मिथेनॉल कातडीतून शरीरात जातं, पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीव जातो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली, ती याच मिथेनॉलने. हा पदार्थ चुलीशेजारी, मुलं खेळतात त्या अंगणात ठेवायला सांगणाऱ्याने तो स्वतः कधी हाताळलेला नसावा. बंद भांडं, वाफ थंड करून परत आणणारा कंडेन्सर, ठिणगी न पडणारी मोटर, भरपूर वारा आणि फायर एक्स्टिंग्विशर एवढं नसेल तर हे काम सुरूच करू नये.

परवान्याचा दावा तर सरळ खोटा आहे. मिथेनॉलचा साठा हाच परवान्याचा विषय आहे. विक्रीसाठी केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: विकायचं ते निव्वळ बायोडिझेल, म्हणजे बी-१००, आयएस १५६०७ या मानकात बसणारं, आणि रीतसर नोंदणी करून. डिझेलमध्ये मिसळून ते ‘बायोडिझेल’ म्हणून विकता येत नाही. २०२१ च्या सुमारास गुजरातेत याच नावाखाली भलतंच तेल विकणाऱ्या पंपांवर धाडी पडल्या, आणि त्यामुळे प्रामाणिक उत्पादकांचंही नाव खराब झालं.

‘कुठल्याही इंजिनाला चालतं’ हे अर्धवट आहे. चांगलं बायोडिझेल डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलं तर इंजिनाला वंगणही देतं. पण निव्वळ वापरलं की टाकीतला जुना गाळ सुटतो आणि पहिले काही दिवस फिल्टर तुंबत राहतो. जुन्या गाड्यांचे नैसर्गिक रबराचे पाइप फुगतात. बीएस-६ गाड्यांत धुराचा फिल्टर साफ करायला जादा इंधन फवारलं जातं, त्यातलं बायोडिझेल उडून न जाता इंजिन ऑइलमध्ये उतरतं. आपल्याकडे तळणीला बहुतेक पामतेल. त्याचं बायोडिझेल साधारण १५ अंशांनाच गढूळ होऊ लागतं. निफाडच्या थंडीत पहाटे ट्रॅक्टर सुरू करणाऱ्याने याचा विचार करावा.

ग्लिसरिनच्या साबणाबद्दल एवढंच, की त्या काळपट द्रवात मिथेनॉल असतं. तो अंगाला लावायचा साबण नव्हे.

ज्याला या धंद्यात उतरायचंच आहे, त्याने तेल गोळा करण्यापासून सुरुवात करावी. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवणाऱ्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘रुको’ उपक्रमात संकलक म्हणून नोंदणी करावी, वीस-पंचवीस हॉटेलांशी लेखी बोलणी करावीत, गाळून, पाणी बसू देऊन स्वच्छ तेल मोठ्या कारखान्याला द्यावं. भांडवल कमी लागतं, मिथेनॉलला हात लावावा लागत नाही, आणि तुम्ही उचललेला प्रत्येक डबा कुणाच्या तरी भज्यांच्या कढईत परत जायचा थांबतो.