कांदा विकणाऱ्याने ‘शेजारी तोडा’ म्हणावे?

गेल्या आठवड्यात निफाड तालुक्यातल्या माझ्या मामांकडून एक लांबलचक संदेश आला. ‘शेजाऱ्यांना पोसणे बंद करा’ असे त्याचे शीर्षक, खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा’ ही नेहमीची धमकीवजा विनंती. हाच मजकूर त्याआधी दोन गटांवर येऊन गेला होता आणि मी तो न वाचता सोडून दिला होता. परंतु ज्यांच्या चाळीत उन्हाळ कांदा भरलेला असतो आणि बांगलादेशाची सीमा उघडली की बंद झाली याची चौकशी जे दर आठवड्याला करतात, त्यांनीच ‘अगदी खरे आहे’ असा शेरा मारून तो पाठवावा, हे मात्र मला सहन झाले नाही.

संदेशातले पाच मुद्दे थोडक्यात असे: भारत दरवर्षी दोन लाख कोटी रुपये शेजाऱ्यांना दान करतो, भूतान आणि बांगलादेशाला आपण फुकट वीज देतो, श्रीलंकेला चार अब्ज डॉलर दिले ते बुडाले, २०१५ साली दहा हजार एकर भूमी बांगलादेशाला देऊन टाकली, आणि इतके करूनही सगळे शेजारी उलटलेच, तेव्हा त्यांच्याशी व्यापार तोडावा, म्हणजे ते चार दिवसांत गुडघ्यावर येतील आणि आपले काडीचेही नुकसान होणार नाही.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण बाकीचे चार केवळ चुकीचे आहेत, हा घातक आहे.

बांगलादेशाशी आपला व्यापार होतो म्हणजे नेमके काय होते? २०२४–२५ या वर्षात भारताने तिकडे सुमारे अकराशे कोटी डॉलरचा माल विकला आणि तिकडून सुमारे दोनशे कोटी डॉलरचा घेतला. नेपाळला आपण सातशे कोटी डॉलरहून अधिक आणि श्रीलंकेला चारशे कोटी डॉलरहून अधिक माल विकतो, आणि तिथेही आपली विक्री खरेदीच्या कितीतरी पट आहे. थोडक्यात, या व्यवहारात आपण दुकानदार आहोत आणि ते गिऱ्हाईक आहेत. दुकानदाराने फळी लावून घेऊन ‘आता बघा तुमची कशी जिरवतो’ असे गिऱ्हाइकाला सुनावावे, तसा हा सल्ला आहे.

आणि हा प्रयोग नवा नाही. निदान कांद्याच्या बाबतीत तो आपण २०१९ पासून तीन वेळा करून पाहिला आहे. हेतू शेजाऱ्याला धडा शिकवण्याचा नव्हता, देशातले भाव आटोक्यात ठेवण्याचा होता, परंतु परिणाम हेतू विचारून होत नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्याची निर्यात एकाएकी थांबवली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आपण स्वयंपाक्याला कांद्याविना जेवण करायला सांगितले आहे आणि यापुढे असे काही करायचे असेल तर आधी कळवत जा, असे त्यांनी उद्योजकांच्या मेळाव्यात हसत हसत, पण हिंदीत आणि सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. त्या हिवाळ्यात ढाक्यात कांदा किलोला दोनशे टक्क्यांच्या नव्हे, दोनशे ‘टक्यां’च्या वर गेला (हे त्यांचे चलन, संदेश लिहिणाऱ्यासाठी खुलासा), म्हणजे त्यांना झळ बसली हे खरेच आहे आणि ते मी नाकारत नाही. परंतु गुडघ्यावर येण्याऐवजी त्यांनी म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन आणि पाकिस्तान इथून कांदा मागवला, काही तर विमानाने आणला. सप्टेंबर २०२० मध्ये आपण पुन्हा निर्यात बंद केली, तेव्हा सीमेवर अडकलेल्या ट्रकांमध्ये कांदा सडला, आणि तो कोणाच्या शेतातला होता हे मामांना मी सांगण्याची गरज नाही. तिसरी बंदी ८ डिसेंबर २०२३ रोजी आली आणि मे २०२४ पर्यंत राहिली. त्यानंतरही किमान निर्यात मूल्य (याहून स्वस्तात माल बाहेर विकायचा नाही, अशी मर्यादा) काही महिने आणि निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पर्यंत चालूच होते.

या तीन धड्यांतून बांगलादेश काय शिकला? आपल्यावर अवलंबून राहणे धोक्याचे आहे, एवढेच. त्यांनी स्वतःची लागवड वाढवली, आणि आता त्यांचा कांदा बाजारात असतो तेव्हा ते आयात परवानेच रोखून धरतात, जेणेकरून त्यांच्या शेतकऱ्याला भाव मिळावा. भारतीय कांद्याचा सर्वांत मोठा ग्राहक असा हळूहळू हातचा जात असताना, ज्यांचे पोट त्या ग्राहकावर आहे त्यांनीच ‘व्यापार तोडा’ म्हणून टाळ्या वाजवणे, याला काय म्हणावे? मे २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ते बंद असताना, लासलगावहून कांद्याने भरलेली मालगाडी थेट बांगलादेशातल्या दर्शना स्थानकापर्यंत गेली होती. त्या गाडीचे कौतुक मामांनीच मला दूरध्वनीवर ऐकवले होते.

निफाडबाहेरचे उदाहरण हवे असेल तर वरूड आणि मोर्शीकडे पाहावे. विदर्भातल्या संत्र्याची मोठी बाजारपेठ बांगलादेश हीच होती. तिथल्या सरकारने २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आयात शुल्क वाढवत २०२३ पर्यंत ते किलोमागे ८८ टक्यांवर नेले, आणि बागाईतदारांची इतकी कोंडी झाली की महाराष्ट्र सरकारला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावे लागले. एका शेजाऱ्याने दार अर्धवट लावले तर ही स्थिती होते. संदेशलेखकाला ते दार आपल्याच हाताने पूर्ण लावायचे आहे.

२०२५ मध्ये तर दोन्ही बाजूंनी दारे लावण्याची चढाओढच लागली. एप्रिलमध्ये भारताने बांगलादेशाच्या मालाला आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशात जाण्याची दिलेली सवलत काढून घेतली, बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणे थांबवले आणि मे महिन्यात भारताने तिथले तयार कपडे जमिनीमार्गे आणायला मनाई करून त्यांना फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा ही दोन बंदरे ठेवली. म्हणजे ढाक्याचा सदरा शेजारच्या पेट्रापोल नाक्यावरून न येता, श्रीलंकेला वळसा घालून उरणजवळ उतरू शकतो. याला कोणी मुत्सद्देगिरी म्हणो, मला तरी यात दोन्हीकडच्या कारखानदारांचा वाढलेला खर्च दिसतो.

आता पैशांचा मुद्दा. ‘दोन लाख कोटींचे दान’ हा आकडा कुठून आला याचा संदेशात पत्ता नाही. खरा आकडा शोधायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. केंद्रीय अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदान मागणीत देशवार मदत छापलेली असते आणि ती कोणालाही पाहता येते. २०२५–२६ च्या अर्थसंकल्पात सगळ्या परदेशांसाठी मिळून ही तरतूद ५,४८३ कोटी रुपये आहे. त्यात भूतानला २,१५०, नेपाळला ७००, मालदीवला ६००, श्रीलंकेला ३०० आणि ज्यांच्या नावाने सगळा शिमगा चालला आहे त्या बांगलादेशाला १२० कोटी. केंद्राचा त्या वर्षीचा एकूण अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा होता, तेव्हा शंभर रुपयांतले सुमारे अकरा पैसे या कामावर खर्च होतात. एकट्या मुंबई महानगरपालिकेचा त्याच वर्षाचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, म्हणजे या मदतीच्या तेरा पटींहून अधिक आहे. ‘दोन लाख कोटी’ लिहिणाऱ्याने हा कागद उघडला असता तर त्याला लाजेने तरी मजकूर बदलावा लागला असता.

एक गोष्ट मान्य करायला हवी. भूतानला जाते ते बऱ्याच अंशी निखळ अनुदान आहे, आणि २०२४ मध्ये त्यांच्या पंचवार्षिक योजनेसाठी आपण दहा हजार कोटींचा शब्द दिला आहे. त्यामागे केवळ औदार्य नाही. डोकलामच्या पठारावर २०१७ साली आपले आणि चीनचे सैनिक ७३ दिवस समोरासमोर उभे होते, ते कोणाच्या भूमीवरून, एवढे आठवले तरी पुरे.

आणि विजेचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. भूतानला आपण फुकट वीज देत नाही, भूतान आपल्याला वीज विकतो. चुखा हा ३३६ मेगावॉटचा प्रकल्प आपण ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन उभारला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ७२० मेगावॉटच्या मांगदेछू प्रकल्पापर्यंत येता येता हे प्रमाण ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज असे झाले, तेही दहा टक्के व्याजाने. पावसाळ्यात तिथल्या नद्यांवर तयार होणारी जादा वीज आपल्याकडे येते, आणि हिवाळ्यात पाणी आटले की भूतान आपल्याकडून पैसे मोजून घेतो. नेपाळशीही २०२४ मध्ये दहा वर्षांत दहा हजार मेगावॉट वीज भारतात आणण्याचा करार झाला आहे. राहिला बांगलादेश: झारखंडातल्या गोड्डा इथल्या अदानींच्या प्रकल्पातून तिकडे वीज जाते, आणि २०२४ मध्ये थकबाकी वाढली तेव्हा कंपनीने पुरवठा जवळपास निम्म्यावर आणला होता. फुकट विजेची थकबाकी कशी असते, हे संदेशलेखकानेच सांगावे.

श्रीलंकेचे चार अब्ज डॉलर हा अर्धसत्याचा नमुना आहे. २०२२ मध्ये तिथे इंधनाच्या रांगांत माणसे उभी होती, तेव्हा भारताने सुमारे तेवढ्या रकमेचा आधार दिला हे खरे, परंतु त्यातला मोठा भाग भारतातून इंधन, अन्न आणि औषधे खरेदी करण्यासाठीचे कर्ज, चलन-अदलाबदल (ठरल्या मुदतीने परत करायचे परकीय चलन) आणि देणी लांबणीवर टाकणे या रूपात होता. यांपैकी कशालाच दान म्हणत नाहीत. दहा कोटी डॉलरहून अधिक कर्जाचे पुढे अनुदानात रूपांतर केले, असे पंतप्रधानांनी २०२५ मध्ये कोलंबोत सांगितले. तेवढी सूट दिली गेली, हे कबूल.

भूमीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. २०१५ मध्ये भारताच्या १११ आणि बांगलादेशाच्या ५१ छिटमहालांची अदलाबदल झाली. हे एकमेकांच्या हद्दीत अडकलेले तुकडे होते. कागदावर आपले १७,१६० एकर गेले आणि ७,११० एकर आले. पण गेलेल्या तुकड्यांवर आपला पोलीस, शाळा किंवा विजेचा खांब कधी पोहोचलाच नव्हता. दहला खाग्राबाडी नावाचे शेत तर बांगलादेशातल्या भारतीय तुकड्यातल्या बांगलादेशी तुकड्यातला भारतीय तुकडा होते. त्यासाठीची शंभरावी घटनादुरुस्ती संसदेत सर्व पक्षांनी मिळून मंजूर केली.

‘सगळे उलटले’ हे विधानही जुने झाले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना सत्तेवरून गेल्यानंतर ढाक्याशी संबंध बिघडले, यात वाद नाही. पण ‘इंडिया आउट’ म्हणत निवडून आलेले मालदीवचे अध्यक्ष मुइझ्झू त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीला येऊन चलन-अदलाबदलीचा करार करून गेले, आणि श्रीलंकेचे अध्यक्ष दिसानायके यांनी पहिल्या परदेश दौऱ्यासाठी भारतच निवडला. उलट खंत करायची तर वेगळीच आहे: दक्षिण आशियातले देश आपापल्या व्यापारापैकी जेमतेम पाच टक्के एकमेकांशी करतात, आग्नेय आशियात हेच प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास आहे.

हे सगळे मी मामांना सविस्तर लिहून पाठवले. त्यांनी भूतान, श्रीलंका, छिटमहाल यांपैकी कशावरच मत दिले नाही. रात्री उशिरा एका ओळीचे उत्तर आले: ‘ते राहू दे, ढाक्याने नवे परवाने सोडले का, तेवढे बघून सांग.’