आमच्यासाठी आलेल्या पैशाचं मोजमाप आम्हालाही करू द्या

तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी जो निधी येतो, त्याने काय साधलं हे ठरवताना आम्ही त्या बैठकीत असलो पाहिजे. नुसती उत्तरं द्यायला नको, प्रश्न काढायलाही. हे मी ठिकठिकाणी बोलत आलेय, आज नीट लिहून काढते. मी स्वतः ट्रान्स बाई आहे. कोल्हापुरात आमच्याच लोकांच्या एका छोट्या गटाचं काम बघते, त्याआधी एचआयव्हीच्या प्रकल्पात पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्याच लोकांत जाऊन माहिती देणारी, होते. म्हणजे फॉर्म भरून घेणं आणि दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये भरलं जाणं, दोन्ही केलंय.

हिशोब मागण्याबद्दल तक्रार नाही. व्हाउचर, बिलं, ऑडिट सगळं चोख हवं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वर्षाअखेर बाहेरून कुणीतरी येतं, आधीच छापून आणलेली प्रश्नावली भरून घेतं, फोटो काढतं आणि जातं. अहवाल इंग्रजीत होतो आणि तो आम्हाला कधीच दिसत नाही. त्या अहवालावर पुढच्या वर्षीचा निधी ठरतो.

एक उदाहरण देते. एका प्रकल्पात दर वर्षी डिसेंबरचे आकडे पडायचे आणि अहवालात लिहिलेलं असायचं, 'समुदायाचा प्रतिसाद कमी'. कोल्हापूरच्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची यात्रा. डोक्यावर 'जग', म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली पाटी, घेऊन मंडळी निघतात, परत आली की इथल्या ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा. आमच्यातल्या कितीतरी जणी जोगत्यांच्या, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्यांच्या, परंपरेतून आलेल्या आहेत. हातात परडी, सोबत चौंडकं. तो काळ त्यांच्या कमाईचा आणि मानाचा. त्या दिवसांत त्या तुमच्या प्रशिक्षणाला कशा येतील? फॉर्म करताना आमच्यातली एक जरी शेजारी बसली असती, तरी तिने चहा संपायच्या आत सांगितलं असतं की हा महिना सोडा. त्याच प्रश्नावलीत 'तुमचं घराणं कोणतं' असाही प्रश्न होता. मुंबईच्या हिजडा समाजात गुरू-चेल्यांची घराणी असतात, त्यांच्यासाठी तो बरोबर असेल. आमच्याकडच्या जोगत्याला विचारला तर ती गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याचीही नोंद 'माहिती देण्यास नकार' अशी होते.

दुसरं शिलाई मशीनचं. प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले, अहवालात काम यशस्वी. पण दुकानाला गाळा कोण देणार होतं? ब्लाउजचं माप द्यायला शेजारची बाई येणार होती का? मशिनी कॉटखाली गेल्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही, कारण काही फसलं असं कळवलं तर पुढचा हप्ता अडकेल ही भीती. या भीतीपायी आमच्या कामातलं सगळ्यात उपयोगी शिक्षण दर वर्षी वाया जातं. फसलेलं सांगितलं म्हणून पैसे कापणार नाही, असं देणाऱ्याने आधी लेखी द्यावं. त्यानंतर 'लर्निंग'च्या गोष्टी कराव्यात.

सहभागाने मूल्यमापन करायची पद्धत आपल्याकडे नवी नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकात मायराडासारख्या संस्था आणि रॉबर्ट चेंबर्स यांच्यासारखे अभ्यासक गावातल्या लोकांना जमिनीवर रांगोळीने स्वतःच्या गावाचे नकाशे काढायला सांगत होते. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनीही पाणी कुठं, वाट कुठं, कुणाचं घर कुठं हे दाखवलं. आमच्या गटानेही असा नकाशा काढून पाहिला. रात्री कुठून जायला भीती वाटते, कुठल्या दवाखान्यात नीट बोलतात, कुणाच्या टपरीवर बसता येतं. काम झाल्यावर तो पुसून टाकला, फोटोही काढू दिला नाही, कारण असा नकाशा चुकीच्या हातात गेला तर आमच्याच जिवावर बेतेल. कोल्हापूर काही मुंबई नाही. अहवालात नाव बदललं तरी तालुका, वय आणि धंदा लिहिला की गडहिंग्लजमध्ये ती कोण हे कळायला वेळ लागत नाही. काय लिहायचं नाही हे ठरवण्याचा हक्कही आम्हालाच हवा.

मूल्यमापनाचे अभ्यासक रिक डेव्हिस यांनी 1990 च्या दशकात बांगलादेशात एक पद्धत वापरात आणली. लोकांनी आपल्या आयुष्यातले बदल सांगायचे आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा कोणता, का, हे एकत्र बसून ठरवायचं. आम्ही तसं बसलो तेव्हा मला वाटलं तृतीयपंथी म्हणून मिळणाऱ्या सरकारी ओळखपत्रावर एकमत होईल. कारण तृतीयपंथीयांना ओळख देणारा सुप्रीम कोर्टाचा 2014 चा नालसा निकाल, आमच्या हक्कांचा 2019 चा कायदा, ओळखपत्राच्या अर्जाचं नॅशनल पोर्टल, या सगळ्यासाठी देशभर केवढी धडपड झाली. पण निवडली गेली ती वेगळीच गोष्ट. आमच्यातल्या एकीला वडिलांच्या दिवसकार्याला भावकीने घरात घेतलं, पंगतीत बसवलं. का निवडली यावर बराच वेळ बोलणं झालं. एकजण म्हणाली, कार्ड कपाटात राहतं गं, पंगत सगळं गाव बघतं. निधी देणाऱ्याच्या तक्त्यात याला रकाना नव्हता. आणि ओळखपत्राचा रकाना भरतो तिथं तर काम सुरू होतं; त्यानंतर आधार, पॅन, बँक, दहावीचं प्रमाणपत्र, प्रत्येक ठिकाणी नाव बदलून घ्यायला वेगळी खेप.

लोक विचारतात, स्वतःचीच परीक्षा घेतली तर सगळ्या पास होणार ना? माझा अनुभव उलटा आहे. आमच्या बायका पाहुण्यापुढे गोड बोलतात, आपसात मात्र पै-पैचा जाब विचारतात. खरी अडचण दुसरी आहे. आमच्यातही वरचढ कोण, खालचं कोण हे असतंच. गुरू बसली असली की चेला तोंड उघडत नाही. म्हणून नव्या पोरींची बैठक वेगळी, ट्रान्स पुरुषांची वेगळी घ्यावी लागते. ते तर संख्येने इतके कमी दिसतात की कित्येक अहवालांत नसतातच. याला वेळ लागतो आणि पैसेही. जोगवा मागणारी बाई दिवसभर बैठकीत बसली तर तिची त्या दिवसाची चूल कोण पेटवणार? बाहेरच्या सल्लागाराला मानधन आणि आम्हाला वडापाव, हे आता थांबायला हवं.

इथे कायद्याचाही अडसर आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येणारा, पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या छोट्या गटांपर्यंत तो पोचण्याची वाटच बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि अहवाल लिहिण्याचा खर्च त्यातच धरला जातो. मग शिकण्यावरच पहिली कात्री चालते.

तरी हे अशक्य नाही. इंटरनॅशनल ट्रान्स फंड 2016 मध्ये उभा राहिला आणि तिथे कुणाला निधी द्यायचा हे ट्रान्स कार्यकर्तेच ठरवतात. जिथे देण्याचा निर्णय आमच्यावर सोपवता येतो, तिथे मोजमापाचा का नाही?

आमच्या गटाच्या पुढच्या अर्जात आम्ही तीन गोष्टी लिहिणार आहोत. प्रश्न आम्ही काढू, बैठकीला येणाऱ्या प्रत्येकीला दिवसाची मजुरी मिळेल आणि अहवाल निधी देणाऱ्याकडे जाण्याआधी मराठीत आमच्यासमोर वाचला जाईल. वाचताना कुणी 'हे असं नव्हतं' म्हणालं तर तेही त्यात छापलं जाईल. इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली, मिरजेतल्या गटांनी आपल्याला कुठले प्रश्न विचारले जावेत असं वाटतं ते मला कळवा. टाईप करता येत नसेल तर व्हॉइस मेसेज करा, मी लिहून घेते.